क्रँकचे बोल्ट आवळताना: डिझेल इंजिन बांधणाऱ्यांसाठी

इंजिन बांधून गाडी रस्त्यावर आली आणि दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच खालून ठोका यायला लागला, की पहिला संशय बेअरिंगवर जातो. मग ऑइल बदलतात, मग लेथवाल्याने क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) नीट घासला नाही म्हणतात. क्रँकला जागेवर धरणाऱ्या कॅपचे बोल्ट कसे आवळले होते, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. गाडीचा मालक विचारत नाही, कारण त्याला ते माहीत नसतं. बांधणारा विचारत नाही, कारण त्याच्या मते बोल्ट घट्टच होते.

हे कोल्हापुरात घडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींत देशभरातल्या वाहनकंपन्यांसाठी ओतकाम होतं. सीएनसीवरचा माल शंभरांश मिलिमीटरपर्यंत मोजून बाहेर पडतो. उद्यमनगरात असे फिटर आहेत, की हाताने चाचपून लाइनर चाललाय की नाही सांगतील. आणि याच गावात पान्याला पाइप लावून, 'बसला बघ, आता हालत न्हाई' म्हणत क्रँकचे कॅप बसतात. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे हातातली स्विफ्ट किंवा डिझायर टिकवायची, तर इंजिन बांधून घेण्याशिवाय मार्ग नाही. हे काम आता वाढणार आहे. म्हणून ते कसं करायचं, ते सविस्तर लिहितोय.

क्रँकशी संबंधित बोल्ट चार ठिकाणी असतात. क्रँक ब्लॉकमध्ये जिथे फिरतो त्या मेन बेअरिंगच्या कॅपचे, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅपचे, पुढे पुलीचा किंवा टायमिंग गिअरचा मधला एकच मोठा बोल्ट, आणि मागे फ्लायव्हीलचे. पहिल्या दोन जागांवर इंजिनाचं आयुष्य ठरतं, म्हणून लेखाचा बराच भाग त्यांच्यावरच आहे.

बोल्टला ताण हवा, नुसता घट्टपणा नव्हे

बोल्ट आवळतो तेव्हा आपण तो ताणत असतो. सायकलच्या कॅरिअरचं रबर ओढून सामान बांधतो, तसा बोल्ट लांबतो आणि परत आखडण्याच्या प्रयत्नात कॅपला ब्लॉकवर दाबून धरतो. कॅप जागेवर राहतो तो या दाबामुळे. टॉर्क रेंच म्हणजे ठरावीक पिळाचा जोर (टॉर्क) लागला की 'टक्' करणारा पाना, पण त्यावरचा आकडा म्हणजे हा दाब नव्हे. आपण हाताने जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत जातो, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. आटे खराब असले, गंज असला, डोक्याखाली कचरा असला, तर ते दहाचे पाच होतात. रेंच मात्र 'टक्' करून सांगतो, की काम झालं.

उलटही होतं. आटे कोरडे धरून दिलेला टॉर्क कोणी तेल लावून दिला, तर घर्षण कमी झाल्याने बोल्टवर वीस-तीस टक्के जास्त ताण पडू शकतो. म्हणून मॅन्युअलमध्ये आकड्याशेजारी 'ऑइल लावून' की 'कोरडा' हे लिहिलेलं असतं, तेही आकड्याइतकंच महत्त्वाचं. नवे बोल्ट कधी कधी कंपनीकडूनच लेप लावून येतात. तो लेप डिझेलने धुऊन काढायचा नाही आणि त्यावर आणखी ग्रीसही चोपडायचं नाही.

याच कारणाने अलीकडची बहुतेक इंजिनं दोन टप्प्यांत आवळतात. आधी थोडा टॉर्क, मग ठरावीक अंश. पहिल्या टप्प्यात सगळं एकमेकांवर बसतं. त्यानंतर बोल्ट किती अंश फिरवला यावर तो किती ताणला जाईल हे ठरतं, आणि त्यात घर्षणाला फारसा वाव राहत नाही. १.२५ पिचच्या (एका फेऱ्यात १.२५ मिमी पुढे जाणाऱ्या) एम१०, म्हणजे १० मिमी जाडीच्या, बोल्टला ९० अंश फिरवलं, म्हणजे तो ०.३१ मिमी पुढे सरकला. काही ताण बोल्टात जातो, काही कॅप दाबण्यात जातो. पण तेल, गंज, हाताचा झटका यांनी हा हिशोब फारसा बिघडत नाही.

अशा रीतीने आवळायचे बोल्ट बहुतेक वेळा लवचिकतेची हद्द ओलांडेपर्यंत ताणलेले असतात. एकदा ताणला की त्याची लांबी कायमची वाढते. दुसऱ्यांदा तोच बोल्ट तितक्याच अंशात आवळला, तर हवा तेवढा दाब मिळेल याची खात्री राहत नाही आणि तुटण्याची शक्यता वाढते. मॅन्युअल 'बदला' म्हणत असेल तर बदलायचे, त्यावर घासाघीस करायची नाही. पूर्ण इंजिनाच्या खर्चात रॉड आणि मेनचे बोल्ट हा सगळ्यात लहान आकडा असतो. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

आकडा कुठून घ्यायचा

इंजिनाच्या कोडवरून, त्याच कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून. 'सगळ्या स्विफ्टला एकच' असं म्हणून चालत नाही. १२४८ सीसीचं एकच घराणं स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं, पण वेगवेगळ्या ताकदीच्या आवृत्त्यांत. इंजिन नंबर बघून, त्याचाच तक्ता काढून, छापून भिंतीला लावायचा. मोबाइलवरचा फोटो तेलकट हाताने मोठा करत बसलात, की चुकीची ओळ वाचली जाते.

उदाहरण म्हणून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया-लॉरा घराण्यातल्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाचे आकडे बघा. मेन कॅपला ६५ न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश. रॉडच्या कॅपला ३० न्यूटन-मीटर आणि ९० अंश. पुढच्या टायमिंग गिअरच्या बोल्टला अनेक आवृत्त्यांत १२० न्यूटन-मीटर आणि ९० अंश. एकाच इंजिनात सुरुवातीचा टॉर्क ३० पासून १२० पर्यंत जातो, आणि तिन्हींत शेवटी पाव फेरा. हाताच्या अंदाजाने यात फरक करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

जुन्या पुस्तकांत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, काही रेंचवर फूट-पाउंड असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. हे रूपांतर आवळायच्या आधी कागदावर करून ठेवा, पाना हातात घेतल्यावर तोंडी नको.

हत्यारं

टॉर्क रेंच दोन हवेत. एक साधारण १० ते ६० न्यूटन-मीटरचा, दुसरा ४० ते २०० चा. रेंच आपल्या मापाच्या तळाशी नीट दाखवत नाही, म्हणून २०० च्या रेंचने २० न्यूटन-मीटर मोजायचं नाही. काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवायचा. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवायचे नाहीत. आणि वर्षातून एकदा, किंवा ५,००० वेळा 'टक्' झाल्यावर, यांतलं जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन करून घ्यायचं. आपल्याकडे वसाहतींतल्या कारखान्यांना हे लागतंच, त्यामुळे एनएबीएल (चाचणी-मोजमापाच्या लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली लॅब शोधायला लांब जावं लागत नाही.

अंश मोजायला गोल चकतीचं अँगल गेज मिळतं. ते नसेल तर रंगाची खूण पुरते. बोल्टच्या डोक्यावर एक ठिपका, कॅपवर जिथे तो पोचायला हवा तिथे दुसरा. षटकोनी डोक्याचे दोन कोपरे ६० अंशांवर असतात, हे लक्षात ठेवलं की खूण करायला सोपं जातं. बाकी डायल गेज, मायक्रोमीटर, प्लॅस्टिगेज (बेअरिंगमधली फट मोजायचा मेणकट दोरा), मऊ तोंडाचा हातोडा आणि नवी सुती चिंधी. कॉटन वेस्ट बेअरिंगजवळ आणायचं नाही, त्याचा धागा तेलाच्या भोकात जातो.

इम्पॅक्ट गन या कामाला लागत नाही. सोडवायला वापरा, कॅप बसवताना ती बंद कपाटात असू दे.

आवळण्याआधीचं काम

वेळ इथे जायला हवा. बोल्ट आवळायला एक तास लागत असेल, तर त्याआधी अर्धा दिवस साफसफाई आणि मोजमाप.

क्रँक घासून आला की तो स्वच्छ आहे असं धरायचंच नाही. घासण्याची बारीक पूड तेलाच्या भोकांत बसलेली असते. गॅलरीचे, म्हणजे आतल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढता येत असतील तर काढा, लांब ब्रश घालून डिझेलने धुवा, मग हवेने फुंका, पांढरी चिंधी फिरवून बघा. ती काळी येत असेल तर पुन्हा धुवा. ब्लॉकच्या गॅलऱ्यांचंही तेच. पिस्टनखाली तेल उडवणारे जेट असतील तर ते क्रँक ठेवायच्या आधी बसवायचे, नंतर हात जात नाही.

पावसाळ्यातली एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी मुद्दाम सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतकी ओल असते, की कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. रोज सकाळी खालचा कॉक उघडून ते काढलं नाही, तर बोल्टच्या भोकात तुम्ही हवेऐवजी पाण्याचे तुषार मारता. क्रँकचे घासलेले जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, उघडे ठेवले तर रात्रीत त्यावर तांबूस डाग येतात, हाताचे ठसेसुद्धा उमटतात. धुऊन वाळवलं की लगेच तेलाचा हात फिरवा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

बोल्टची भोकं हा वेगळा विषय आहे, आणि तिथे ब्लॉक फुटतात. बंद तळाच्या भोकात तेल, पाणी किंवा डिझेल राहिलं, तर बोल्ट खाली जाताना त्या द्रवाला बाहेर पडायला वाट मिळत नाही. द्रव दाबला जात नाही. बोल्ट अडतो, रेंच 'टक्' करतो, कॅप मात्र पूर्ण बसलेला नसतो. आणखी जोर लावला की भोकाच्या तळाशी ओतीव लोखंडाला तडा जातो. म्हणून प्रत्येक भोकात आधी चिंधी गुंडाळलेली काडी घालून तळ कोरडा करायचा, मग हवा मारायची. डोळ्यांना चष्मा हवाच. आटे साफ करायला नवे आटे कापणारा टॅप वापरू नका, तो धातू खातो आणि आटे सैल होतात. आटे साफ करायचा चेझर मिळतो, तो वापरा. नसेल तर जुन्या बोल्टला लांबीत दोन खाचा मारून तोच हाताने फिरवा.

बोल्ट नवे असोत की मॅन्युअलने परत वापरायला परवानगी दिलेले, प्रत्येक हाताने तळापर्यंत जातो का ते बघा. मधेच अडकला तर कारण शोधा. परत वापरायचा असेल तर व्हर्निअरने लांबी मोजा आणि मधल्या भागात कंबर पडली आहे का ते बघा. काही कंपन्या कमाल लांबी देतात, काही सगळ्यात बारीक जागेचा किमान व्यास देतात. डोक्यावरचा १०.९ किंवा १२.९ हा आकडा बघून हार्डवेअरच्या दुकानातून 'तसलाच' बोल्ट आणायचा नाही. ताकदीची श्रेणी तीच असली तरी खांद्याची लांबी, पिच आणि दांड्याची जाडी वेगळी असते.

कॅप हे त्या-त्या जागेचेच असतात. ब्लॉक आणि कॅप एकत्र आवळून त्यांचं भोक कापलेलं असतं, त्यामुळे तिसरा कॅप चौथ्यावर चालत नाही आणि उलटाही चालत नाही. खोलतानाच नंबर आणि बाण बघा. खूण नसेल तर रंगाने करा. पंच मारून खुणा करण्याची आपल्याकडे सवय आहे, ती फोडून वेगळ्या केलेल्या रॉडच्या बाबतीत घातक आहे. आजच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत रॉडचं मोठं टोक एकसंध बनवून मग तडा देऊन वेगळं करतात. त्या खडबडीत पृष्ठभागाचा दाणान् दाणा फक्त आपल्या जोडीदारावर बसतो. असा कॅप खडबडीत बाजूने टेबलावर ठेवायचा नाही, घासायचा नाही, ब्रशने ओरबाडायचा नाही.

मोजायचं, मग बांधायचं

बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या बसवताना मागची बाजू आणि तिची जागा दोन्ही कोरडी आणि स्वच्छ असली पाहिजे. मागे तेल लावलं तर उष्णता ब्लॉककडे नीट जात नाही आणि वाटी सरकू शकते. आतल्या बाजूला तेल लावायचं, पण मोजमाप संपल्यावर. भोक आणि खाच असलेली वाटी सहसा ब्लॉककडे, साधी कॅपकडे. उलट बसली तर तेलाचं भोक बंद होतं आणि इंजिन काही मिनिटांत जातं. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या) डिझेलमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्फोटाचा मारा रॉडच्या वरच्या वाटीवर आणि मेनच्या कॅपकडच्या वाटीवर येतो, म्हणून त्या वाट्या अनेक इंजिनांत जास्त कठीण लेपाच्या असतात. दिसायला दोन्ही सारख्याच, पण मागे खूण असते. ती वाचल्याशिवाय डबीतून काढायच्या नाहीत.

क्रँक घासला असेल तर माप ०.२५, ०.५० असं खाली गेलेलं असतं, म्हणजे आपल्या भाषेत दहा नंबर, वीस नंबर. डबीवरचं माप आणि मायक्रोमीटरवरचं माप जुळतंय का ते स्वतः बघा. लेथवाल्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका. त्याने जर्नलच्या कडेची गोलाई राखली आहे का, हेही बघा. ती धारदार राहिली तर क्रँक तिथूनच मोडतो.

आता प्लॅस्टिगेज. जर्नल आणि वाटी कोरडी करून हिरव्या मेणकट दोऱ्याचा तुकडा जर्नलच्या लांबीत ठेवायचा, कॅप बसवून आवळायचा आणि परत उघडायचा. मधल्या वेळात क्रँक केसभरही फिरवायचा नाही. दोरा दबून चपटा झालेला असतो. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवली की फट कळते. हिरवा दोरा ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंत मोजतो. दोरा दबून जितका रुंद, तितकी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसला, तर जर्नलला उतार आहे, लेथवर परत जा. मॅन्युअलचं माप हेच प्रमाण. पण कानोसा घ्यायला म्हणून, जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास फट असते. म्हणजे ५० मिमीला साधारण ०.०५ मिमी.

या मापासाठी नवे बोल्ट वाया घालवू नका, जुने वापरा आणि मॅन्युअलमध्ये मोजमापासाठी सांगितलेल्या टप्प्यापर्यंतच आवळा. वर सांगितलेल्या १.९ टीडीआयमध्ये मेनला ६५ आणि रॉडला ३० न्यूटन-मीटरवर थांबायचं असतं, अंश फिरवायचे नसतात. मोजून झाल्यावर मेण नखाने किंवा तेलाने काढा, ब्लेड लावू नका.

मेन कॅप

वाट्यांना आणि जर्नलला भरपूर स्वच्छ इंजिन ऑइल किंवा असेंब्ली ल्युब लावा. क्रँक दोघांनी धरून सरळ खाली ठेवा, एका टोकाने टेकवू नका. क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणाऱ्या थ्रस्ट वॉशरच्या तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला असतात, ब्लॉकच्या बाजूला नाही. हा वॉशर उलटा बसला तर क्लच दाबताच क्रँक पुढे सरकून ब्लॉक खातो.

कॅप ठेवून मऊ हातोड्याने हलके ठोकून जागेवर बसवा. बोल्टने खेचून बसवायचा नाही. तिरका गेला तर कड खरचटते आणि तिचा कीस थेट बेअरिंगखाली जातो. मग सगळे बोल्ट आधी बोटांनी, नंतर हलक्या पान्याने टेकेपर्यंत.

क्रम मधून बाहेर. पाच मेन असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात साधारण तिसरा, मग दुसरा आणि चौथा, मग पहिला आणि पाचवा. ज्या इंजिनात सुटे कॅप नसून खाली शिडीसारखा एकच मोठा भाग असतो, तिथे क्रम कंपनीच्या चित्रावरूनच घ्या. तिथे सीलंटही असतो आणि तो लावल्यापासून ठरलेल्या मिनिटांत आवळणं संपवावं लागतं.

थ्रस्ट असलेल्या कॅपचे बोल्ट पूर्ण आवळायच्या आधी क्रँक पट्टीने एकदा मागे, एकदा पुढे सरकवा. त्याने दोन्ही अर्धे वॉशर एका रेषेत येतात. मग टॉर्कचा टप्पा. रेंच मुठीच्या मधोमध धरून, शरीर स्थिर ठेवून, सावकाश आणि अखंड ओढायचं. एक्स्टेन्शन सरळ असेल तर आकडा बदलत नाही, पण डोक्याला जोडलेल्या तिरप्या तुकड्याने बदलतो. शेवटाच्या जवळ थांबलात तर थांबलेला बोल्ट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, आणि तो हलायच्या आधीच रेंच 'टक्' करतो. असं झालं तर टॉर्कच्या टप्प्यातला बोल्ट थोडा सैल करून पुन्हा एका दमात घ्या. फोन वाजला तर वाजू द्या.

एकेक कॅपचा टॉर्कचा टप्पा झाला की क्रँक हाताने फिरवा. तेल लावलेला, पिस्टन नसलेला क्रँक हाताने सहज आणि सगळीकडे सारखा फिरायला हवा. तिसऱ्या कॅपनंतर सैल आणि चौथ्यानंतर जड झाला, तर दोष चौथ्यातच आहे. तो तिथेच सैल करा. वाटीमागे कचरा, वाटी उलटी, कॅप उलटा किंवा क्रँक वाकलेला, यांपैकी काहीतरी निघेल. 'चालू झालं की मोकळं होतंय' हे वाक्य या टप्प्यावर ऐकायचं नाही.

सगळं मोकळं असेल तर अंशांचा टप्पा, त्याच क्रमाने. रंगाची खूण करून प्रत्येक बोल्ट एका ओढीत खुणेपर्यंत न्या. हाताला काय लागतंय तिकडे लक्ष द्या. सुरुवातीला जोर चढत जातो, मग एका ठिकाणी चढणं थांबून एकसारखा राहतो. बोल्ट हद्दीपर्यंत ताणला गेल्याची ती जाणीव असते आणि ती सगळ्या बोल्टांत सारखी असायला हवी. एखादा मधेच अचानक हलका झाला तर तो तुटायला आलाय, काढून टाका. एखादा निम्म्या अंशातच दगडासारखा अडला तर बोल्ट लांब आहे किंवा भोकात काहीतरी आहे. दोन्ही वेळी थांबा. खूण ओलांडून पुढे गेला तर मागे आणून जुळवू नका, नवा बोल्ट घाला.

झालेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ आणि कागदावर टिकमार्क. दोघं असाल तर एकाने तक्ता वाचायचा, दुसऱ्याने आवळायचं. अंशांनी आवळलेल्या बोल्टला 'एकदा चेक करून बघू' म्हणून पुन्हा रेंच लावायचा नाही.

शेवटी डायल गेज लावून क्रँकची पुढे-मागे हालचाल मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते, हद्द मॅन्युअलमधली.

रॉडचे कॅप

इथे बोल्ट लहान आणि जबाबदारी मोठी. पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटी वर पोचून उलटा फिरतो तेव्हा त्याला वरून दाबून धरणारं काही नसतं. सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. पाऊण किलोचा पिस्टन-पिन, ९५ मिमीचा स्ट्रोक आणि ४,५०० आरपीएम धरले, तर ही ओढ एक टनाच्या घरात जाते, आणि ती सेकंदाला ३७ वेळा येते. बोल्ट आधीच त्याहून जास्त दाबाने आवळलेला असेल तर हा मार त्याला फारसा जाणवत नाही. कमी आवळलेला असेल तर प्रत्येक वेळी कॅप किंचित उघडतो, बोल्ट थकतो आणि एके दिवशी तुटतो. मग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. आंबा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन चढं फिरत असतं, तेव्हा हीच ओढ सर्वांत जास्त असते.

पिस्टन आत सोडताना रॉडने जर्नलवर ओरखडा पडू देऊ नका. रॉडला बोल्ट आधीच लावलेले असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे घाला. कॅपचा नंबर आणि रॉडचा नंबर एकाच बाजूला. वाट्यांना लॉक (खाचेत बसणारी जीभ) असेल तर दोन्ही लॉक कंपनीने दाखवलेल्या बाजूला. लॉक नसलेल्या वाट्या मधोमध बसवाव्या लागतात, त्यासाठी मोजपट्टी लावा, डोळ्याने नको. दोन्ही बोल्ट आळीपाळीने टेकवा, मग टॉर्क, मग अंश. प्रत्येक रॉडनंतर क्रँक फिरवा आणि रॉड बाजूला किंचित हलतो का ते हाताने बघा.

पुढचा आणि मागचा

पुलीचा बोल्ट लोक हलक्यात घेतात. काही इंजिनांत टायमिंग गिअर आणि क्रँक यांच्यात खाचेत बसून गिअर सरकू न देणारी चावीच नसते. फक्त या बोल्टच्या दाबाने गिअर जागेवर राहतो. तो सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून समोरासमोरचे पृष्ठभाग तेलविरहित करायचे, घर्षणाची चकती दिली असेल तर नवी घालायची, बोल्ट नवा. आवळताना क्रँक अडवायला फ्लायव्हील लॉक वापरा. टायमिंग पिन ही जुळवणीसाठी असते, तिच्यावर जोर घेतला की ती वाकते. आणि सोडवायच्या आधी आटे उजवे की डावे ते बघा, काही इंजिनांत हा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो.

फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोर, ताऱ्याच्या क्रमाने. भोकं आत क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट हवा, नाहीतर तेल थेट क्लचवर येतं.

पहिल्यांदा चालू करताना

फिल्टर तेलाने भरून लावा, टर्बोच्या नळीतही तेल घाला. इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टरने दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझला की मगच कनेक्टर लावून इंजिन चालू करा. पहिले हजारेक किलोमीटर भरलेली गाडी घेऊन घाट चढू नका, पण एकाच वेगाने तासन् तासही चालवू नका.

पाचशे ते हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर फेकू नका, पत्रा कापून घडीचा कागद उजेडात उलगडून बघा. थोडी काळी पूड ठीक आहे. करड्या चकत्या किंवा तांबूस चमक दिसली तर गाडी तिथेच थांबवा, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवा आणि रॉडच्या वाट्या काढून बघा. आणि ते कॅप पुन्हा लावायला बोल्टचा नवा सेट आधी आणून ठेवा.